लाल चेहऱ्याची नोंद

१२ जानेवारी

धाकट्याला आज घरी आणलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. चाळिशी ओलांडली तरी मला तो धाकटाच. दारू सोडवायच्या केंद्रात दोन महिने काढून आलाय. सोबत एक बॅग, वेताच्या खुर्च्या विणायची हत्यारं, आणि शाळेत नापास झाल्यावर असायचं तेच तोंड.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. रोज सकाळी एक गोळी, माझ्या हाताने, माझ्यासमोर. ही गोळी अंगात असताना माणूस दारू प्यायला तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, मळमळतं, डोकं फुटायला येतं. म्हणजे लपवायची सोयच नाही. घरात दारूचा थेंब नको, म्हणाले. मी म्हटलं, माझ्या घरात कधीच नव्हता. मग म्हणाले, "रोज चार ओळी लिहून ठेवा. गोळी, चेहरा, भूक, झोप." म्हणून ही वही.

भावजय लेकीला घेऊन तिच्या आईकडे राहते. तिचा फोन आला. "ताई, सहा महिने बघते. तो काय म्हणतो ते मला सांगूच नका, पुष्कळ ऐकलंय. तुम्ही म्हणालात की सुटली, तर मी येते. तुम्ही खोटं बोलत नाही."

खरं आहे. या एका गोष्टीसाठी मी आजवर बऱ्याच जणांना नकोशी झालेय. शिवाय हे काम माझ्या हातचं आहे. एकोणीस वर्षं कारखान्यात बाटल्या उजेडावर धरून तपासतेय. आत एक तंतू असला तरी माझ्या नजरेतून सुटत नाही.

१३ जानेवारी

गोळी दिली. जीभ वर करून दाखवायला लावली. चेहरा ठीक. भूक ठीक. झोप अशी की त्याच्या घोरण्याने मला झोप नाही.

२१ जानेवारी

गोळी दिली. बाकी सगळं ठीक. पूर्वी त्याला काम द्यायचा त्या खुर्चीवाल्याने विणायला सहा खुर्च्या पाठवल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून विणतो. वेत भिजवून, ताणून, एकाखालून एक काढताना त्याची बोटं बघत राहावीशी वाटतात. आता थरथरत नाहीत.

आज त्याने विचारलं, तुमच्या कारखान्यात नक्की करतात काय. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. शुद्धीवर असल्याचा हा फायदा. सांगितलं सगळं. आमच्याकडे दोन बाजू. एकीकडे गालाला, केसांना, अंगाला लावायचं. दुसरीकडे खोकल्याची आणि ताकदीची औषधं. दोन्हीकडे स्पिरिटशिवाय पान हलत नाही. सुगंधी तेलं पाण्यात मिसळायला तयार नसतात, तिथे स्पिरिट मध्यस्थी करतं. मुळ्यांतला नि सालींतला अर्क तेच ओढून काढतं. औषध नासू देत नाही. कातडीवरून चटकन उडतं म्हणून गार वाटतं.

"आणि तू डोळे चमकवू नकोस," मी म्हटलं. "आमच्या, लावायच्या बाजूच्या स्पिरिटमध्ये आधीच असलं कडू टाकतात की एक थेंब जिभेला लागला तर दोन दिवस अन्नाला चव नाही. पिणाऱ्यांची खोडच मोडून ठेवलेली असते."

"आणि औषधवाल्यांचं?"

"ते स्वच्छ असतं, पण कुलपात असतं. आणि बाटलीत गेलं की ते औषध."

खूप हसला. "ताई, मी सोडली गं. तू कशाला कुलपं मोजतेस?" इतक्या दिवसांनी घरात कुणीतरी हसलं, बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

गोळी दिली. वेत ताणून ताणून त्याचा उजवा खांदा आखडलाय. हात वर होईना. आमचं चोळायचं औषध चांगलं आहे. लेबल वाकडं बसलेल्या बाटल्या आम्हाला घरी नेऊ देतात, तशा चार आणल्या. संध्याकाळी खिडक्या लावून घेतल्या, त्याला पालथं झोपवलं आणि पाठ, मान, खांदा असं रगडून चोळलं. अर्धी बाटली संपवली. लहानपणी आजारी पडला की असंच चोळायचे मी.

जेवायला बसला तर चेहरा लाल. मान लाल, कान लाल. म्हणतो, कसंतरी होतंय, धडधडतंय. पान तसंच टाकून उठला.

 चेहरा: लाल. पहिल्यांदाच हा शब्द लिहितेय.

६ फेब्रुवारी

विचारलं. शपथ घेतो म्हणाला, मी म्हटलं शपथा पुरे. दुपारी मी कामावर असताना खुर्चीवाल्याचा माणूस आला होता, त्याने काही आणलं असेल. माझं नाक काही कामाचं नाही. इतकी वर्षं स्पिरिटच्या पिंपांच्या वाफेत काढल्यावर मला आता दुधाचा वाससुद्धा कळत नाही. पण डोळे शाबूत आहेत.

तरी भावजयीला कळवलं नाही. एकदा पाय घसरला, असं धरलं. त्याचा खांदा मात्र बघवत नव्हता, म्हणून रागातच चोळून दिला. आज नुसताच खांदा. आजही गाल थोडे लालच.

१५ फेब्रुवारी

दहा दिवसांत पाच वेळा लाल. प्रत्येक वेळी संध्याकाळी, मी घरी आल्यावर. म्हणजे दुपारी घेत असणार आणि संध्याकाळी त्याचा परिणाम दिसत असणार. गोळ्या आणायला तो केंद्रात गेला तेव्हा तिथल्या माणसाला सांगून आला म्हणे, की न पिता असं होतंय. तो माणूस म्हणाला, "सगळेच असं म्हणतात."

बरोबरच आहे त्या माणसाचं.

२२ फेब्रुवारी

चार दिवस कामासाठी बाहेरगावी होते, नवीन मुलींना बाटल्या तपासायला शिकवायला. गोळी शेजारच्या मास्तरीणबाईंनी दिली. आल्या आल्या त्यांना विचारलं. "काही नाही हो, शहाण्या बाळासारखा होता. दिवसभर खुर्च्या आणि संध्याकाळी माझ्याकडे चहा. चेहरा अगदी तुमच्या-माझ्यासारखा."

म्हणजे मी नसताना हा साधू, आणि मी असले की लाल. याला काय म्हणावं? माझ्यावरच डूख धरून आहे का हा? लहानपणी मी अभ्यासाला बसवायचे तेव्हा असाच, मुद्दाम माझ्यासमोर पाटी फोडायचा.

घरी गेल्यावर खांदा पुढे करून बसला. "ताई, चार दिवस कुणी बघितलं नाही गं याला." चोळला. न चोळून सांगते कुणाला.

तासाभरात लाल.

१ मार्च

आज त्यानेच म्हटलं, "तू कामावर जाताना मला बाहेरून कुलूप लाव. खिडक्यांना गज आहेतच. म्हणजे तुझी खात्री पटेल." मला वाईट वाटलं, पण लावलं. किल्ली दिवसभर माझ्या पर्समध्ये. संध्याकाळी उघडलं तर खुर्ची विणून पूर्ण, आणि तोंडावर समाधान. "बघ चेहरा," म्हणाला. अगदी ठीक होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला म्हटलं, चल, आधी तुझा खांदा चोळते, मग जेवू.

जेवताना लाल.

मी ताट बाजूला सारलं आणि घर शोधायला लागले. कपाट, गादी, पाण्याची टाकी, वेताच्या मोळ्या. त्यानेच गादी उचलून दिली. मग खुर्च्या एकेक करून उलट्या केल्या, बादलीत हात घातला, माळ्यावर चढला. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की हा मला दाखवायला शोधत नाहीये, खरोखर शोधतोय. शेवटी दमून दोघं जमिनीवर बसलो.

"ताई, मी झोपेत उठून पितो का गं?"

"पण आणतोस कुठून?"

"तेच मला कळत नाहीये," म्हणाला.

काय नट आहे. असंच लिहिलं होतं आत्ता, पण खोडत नाही, कारण वहीत खोडाखोड मला आवडत नाही. नट वाटला नाही मला.

१८ मार्च

खांदा सुटला. चोळण्याची गरज उरली नाही. गेले बारा दिवस चेहरा ठीक. शेवटी देवाने बुद्धी दिली म्हणायची. कुलूपही लावायचं बंद केलं.

लेकीसाठी लहान खुर्ची विणायला घेतलीय. तिला आम्ही चिमणी म्हणतो. सात वर्षांची आहे. "तिचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत," म्हणतो आणि हवेत हात धरून उंची मोजतो. मी म्हटलं, तू बघितलीस त्याला आठ महिने झाले, वाढली असेल. तर दोन बोटं वाढवून नव्याने सांगाडा आणला.

२९ मार्च

खोकला धरलाय. ढास लागली की खिडकी हादरते. आमच्या औषधाच्या बाजूची बाटली आणली, मोठ्यांचं कडक औषध. दिवसातून तीनदा दोन-दोन चमचे. छातीला उतार पडेल.

३१ मार्च

लाल. या वेळी ओकाऱ्यासुद्धा. भिंतीला टेकून बसला होता, हात छातीवर. घाबरून मीच म्हटलं, खरं सांग, रागावणार नाही. तो म्हणाला, "ताई, काय सांगू म्हणजे तुझं समाधान होईल? प्यायलो म्हणू?"

"प्यायलास तर म्हण."

"मग प्यायलो," म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

तर ही कबुली. तारीख लिहून ठेवते.

खोकल्याचं औषध मात्र नियमाने देतेय. राग वेगळा आणि दुखणं वेगळं.

८ एप्रिल

खोकला गेला. चार दिवस चेहरा ठीक. भावजयीचा फोन. तिला काही सांगितलं नव्हतं, आज थोडं सांगितलं, की मध्ये घसरला होता, आता सावरतोय. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "चिमणी रोज विचारते. एकदा घेऊन या. डोळ्यांनी बघते."

धाकट्याला सांगितलं तर खुर्चीवर मान घालून विणत राहिला. जरा वेळाने बघते तर वेत ओला करायला पाण्याची गरज नव्हती त्याला.

१९ एप्रिल

आज गेलो होतो. कसं लिहू?

सकाळी उठवलं, गोळी दिली, आंघोळीला पाठवलं. दाढी करून आला तेव्हा गालावर दोन ठिकाणी कापलं होतं, इतका हात अधीर. मी म्हटलं, थांब, माणसात आणते तुला. कारखान्यातून खास आणलेलं दाढीनंतरचं लोशन, आमचं सगळ्यात महागडं, चांगलं ओंजळभर गालांना, मानेला लावलं. चरचरलं म्हणून ओरडला. केसांना टॉनिक चोळलं. इस्त्रीचा शर्ट. आरशासमोर उभा केला आणि म्हटलं, बघ, नवरदेव दिसतोस. लाजला. खुर्ची कापडात गुंडाळून खांद्यावर घेतली.

बसमध्ये गर्दी, खिडक्या बंद. अर्ध्या वाटेत त्याने कॉलर सैल केली. मी बघितलं, मान लाल व्हायला लागली होती.

भावजयीच्या घरी पोचेपर्यंत कपाळापासून गळ्यापर्यंत लाल. चिमणी धावत येऊन मांडीवर बसली. छातीला कान लावून म्हणाली, "बाबा, आत कोण पळतंय?" भावजय दोन पावलं पुढे आली आणि थांबली. "वास येतोय," म्हणाली.

मग तिने माझ्याकडे बघितलं. "ताई?"

धाकटाही माझ्याकडेच बघत होता. "ताई, सकाळपासून मी तुझ्यासोबत आहे. एक क्षण तरी वेगळा होतो का? सांग हिला."

आंघोळीला अर्धा तास लावला होता त्याने. मी तेच म्हटलं. आणि म्हटलं, हे गोळीचंच लक्षण आहे, मी तीन महिने बघतेय.

भावजयीने चिमणीला मांडीवरून उचललं. चिमणीने नवी खुर्ची घट्ट धरली होती, खुर्चीसकट उचलावं लागलं. मग खुर्ची सोडवून आमच्याकडे दिली. "आता सहा महिने नकोत, काहीच नको," म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

मी खोटं बोलले नाही. तरी जेवण जात नाहीये.

२० एप्रिल

गोळी घेतली नाही. "कशाला?" म्हणाला. हत्यारं बांधली. खुर्चीवाल्याच्या गोदामात झोपायला जागा आहे म्हणे. दारात म्हणाला, "तुझ्यावर राग नाही ताई. तू जे बघितलंस तेच सांगितलंस. मला फक्त एकदा कळायला हवं होतं की मी करतो काय."

मी "जा" म्हटलं नाही. "राहा"ही म्हटलं नाही.

२ मे

केंद्रात गेले, उरलेल्या गोळ्या परत द्यायला. इतके महिने वही कुणी मागितली नव्हती. आज डॉक्टर स्वतः होते, म्हणाले, बघू. यात माझं खासगीही पुष्कळ आहे, पण दिली.

पहिल्यांदा भरभर वाचत होते. मग मागे गेले. पेन्सिल घेतली आणि समासात खुणा करायला लागले. खांदा चोळला, खूण. लाल, खूण. बाहेरगावी, खूण. खोकल्याचं औषध, खूण. मी ते उलटं वाचत होते, टेबलाच्या या बाजूने.

"त्या चोळायच्या औषधात काय असतं?"

"बरंच असतं. पण सगळं विरघळवायला स्पिरिट," मी म्हटलं. शिकवल्यासारखंच म्हटलं.

"आणि खोकल्याच्या?"

"तेच," मी म्हटलं. डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "गोळीला पेला नि बाटली कळत नाही हो. चमच्याने पोटात गेलं काय, कातडीतून मुरलं काय, बंद खोलीत श्वासातून गेलं काय. सगळ्यांना सारखं होत नाही, पण काहींना थोडंसंही पुरतं. स्पिरिटमध्ये कडू टाकलेलं असलं तरी मुळात ती दारूच." वही मिटली. "त्याला आम्ही सांगितलं होतं. तेव्हा त्याचे हात थरथरत होते, काय लक्षात राहणार. तुम्हाला मी नुसतं दारू म्हणालो. तुम्ही काम कुठे करता, ते विचारायला हवं होतं."

"म्हणजे तो—"

"या वहीत तो एकदाही प्यायलेला नाही," म्हणाले.

मी एकोणीस वर्षं बाटल्या तपासतेय. बाहेर येऊन पायरीवर बसले. एक बाई पाणी घेऊन आली, तिला वाटलं माझंच कुणीतरी गेलं.

३ मे

रजा टाकली. आधी भावजयीकडे गेले, कारण माझा शब्द तिच्याकडे होता. वही पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, लोशनसुद्धा. ती वाचता वाचता १ मार्चपाशी थांबली, आम्ही दोघं शोधत होतो तिथे. तोंडात पदर घालून रडली. मग उठली, तोंड धुतलं.

"रविवारी घेऊन या त्यांना," म्हणाली. "मी पिशव्या भरून ठेवते. आम्ही तुमच्यासोबतच निघू."

४ मे

गोदामाच्या मागे, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाशेजारी बसला होता. मी बोलायला सुरुवात केली, धावत आल्यामुळे धाप लागली होती, आणि अर्धं सांगून झाल्यावर मला दिसलं. चेहरा लाल नव्हता. गोळी नव्हती ना अंगात. डोळे मात्र प्यायल्यावर असायचे तसे होते, आणि बोटं पुन्हा थरथरत होती.

तरी सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं. हसलाच जरा.

"म्हणजे मी झोपेत उठत नव्हतो."

"नाही रे राजा."

"मला वाटलं, माझ्यात दुसराच कुणीतरी आहे. तो पितो आणि मला सांगत नाही." मग म्हणाला, "बारा दिवस काढले इथे ताई. गोळीशिवाय. कुणी बघायला नव्हतं तरी. मग परवा वाटलं, हे कुणासाठी चाललंय?"

परवा. परवा मी त्या पायरीवर बसले होते.

मी त्याचे पाय धरायला वाकले तर त्याने पाय ओढून घेतले. म्हटलं, रविवारी ती येतेय, पिशव्या भरतेय, तीन दिवस कळ काढ, चल केंद्रात, आत्ता चल.

"तिला कळलं? की त्या दिवशी मी प्यायलो नव्हतो?"

"कळलं. रडली."

"मग मला नेऊ नकोस. तेवढं एक तिच्याकडे राहू दे. असा गेलो तर तेही जाईल."

तासभर विनवलं. नाही उठला.

७ मे, रविवार

एकटीच गेले. वाटभर काय सांगायचं ते जुळवत होते. कामाला लांब गेलाय, आजारी आहे, पुढच्या रविवारी येईल. चांगली दोन-तीन खोटी तयार होती माझ्याकडे. कधी नव्हे ती.

दार चिमणीने उघडलं. केस विंचरून घट्ट वेण्या घातलेल्या. दाराजवळ दोन पिशव्या, एक मोठी, एक लहान. तिने माझ्या मागे जिन्यावर बघितलं, मग खाली वाकून बघितलं.

भावजय आतून आली. नवी साडी नेसली होती. माझ्याकडे बघूनच तिला कळलं असावं, तरी तिने विचारलं. "पितात?"

तोंडापर्यंत आलेलं खोटं बाहेर पडलंच नाही. "हो," म्हटलं. "दोन मेपासून. त्याच्या आधी नाही. त्याच्या आधी एक थेंबसुद्धा नाही."

"ते मला आता माहीत आहे ताई," ती म्हणाली. "पण मी त्याचं काय करू?"

   मग तिने मोठी पिशवी आत नेली, पलंगावर उपडी केली आणि एकेक घडी परत कपाटात ठेवायला लागली. लहान पिशवी न्यायला आली तेव्हा चिमणी त्या पिशवीवर बसून होती. तिने ती रिकामी करू दिली नाही.